थोरल्या खैराची रोपं

बाबल्याने भुरी शेळीच्या तोंडातून शेवटची डहाळी ओढून काढली, तेव्हा तिच्यावर एकही पान उरलं नव्हतं. भुरीने मान झटकली आणि ती चघळत उभी राहिली. तिच्या मागे, कुडाच्या सावलीत, दुधाच्या रिकाम्या पिशव्यांच्या ओळी होत्या. प्रत्येक पिशवीत ओली तांबडी माती, आणि मातीवर उरलेला बोटभर हिरवा खुंट.

कुडाचा झापा उघडा होता. तो बाबल्यानेच उघडा टाकला होता. रोपांना पाणी घालून तो हंडा ठेवायला बाहेर आला, तर वाटेवर लाहू भेटला. लाहूच्या हातात ताडीचा कॅन होता. बोलायला सावली हवी म्हणून दोघे आंब्याखाली गेले, आणि उभं राहून पाय दुखतात म्हणून बसले.

"काय केलंस गं हे," बाबल्या म्हणाला.

भुरीने त्याच्या तळहाताला नाक लावलं. हाताला ताडीचा वास होता. तिने तो चाटला.

ही रोपं थोरल्या खैराची होती. तलासरीच्या पूर्वेला, गुजरातची हद्द दिसते त्या डोंगराच्या अंगाला बाबल्याची हलकी, उताराची वरकस जमीन होती. तिच्या माथ्यावर तो खैर उभा होता. इथे पाऊस भरपूर पडतो आणि पडला तसा वाहून जातो. होळीनंतर ओल शोधायची तर विहिरीच्या तळाशी. त्या माथ्यावर आंबा जगला नाही, काजू जगला नाही. खैराला कुणी तांब्याभर पाणी घातलं नव्हतं, तरी तो जगला. मुलगी तुळशी झाली त्या वर्षी नागलीच्या लावणीत बाबल्याच्या बायकोने, बायजीने, त्याच्याच खालच्या फांदीला पोरीची झोळी बांधली होती. घरातलं मुसळ त्याच्या लाकडाचं. बायजी त्याला झाड म्हणत नसे. थोरल्या दिराविषयी बोलावं तसं 'थोरला' म्हणायची.

दोन हजार सतराच्या संक्रांतीला दोघे मुलाकडे, मुकेशकडे, उंबरगावला गेले होते. परत आले तर माथ्यावर खड्डा. कातासाठी खैर चोरीला जातात हे पाड्याला नवीन नव्हतं, पण नेणाऱ्यांनी याचा बुंधासुद्धा उकरून नेला होता. शेंड्याच्या बारीक फांद्या तेवढ्या पडलेल्या, आणि त्यांवर वाळलेल्या चपट्या शेंगा. बायजी रडली नाही. पदराचा ओचा करून ती उन्हं कलेपर्यंत शेंगा तोडत बसली.

रानात दुसरे खैर होते. हा नव्हता.

तिने शेंगा फोडल्या, किडकं बी बाजूला काढलं, चांगलं राखेत घोळून वाळल्या भोपळ्यात भरून ठेवलं. पाडवा झाल्यावर ते कोमट पाण्यात भिजवून पिशव्यांत लावलं. सगळं लावलं. मागे एक दाणा ठेवला नाही.

"थोडं ठेव की," बाबल्या म्हणाला होता.

"ठेवलं तर किडा खाईल."

किड्याचा विचार तिने केला होता. भुरीचाही केला होता. चैत्रात एकदा भुरीने कुडावरून मान घालून कडेच्या दोन रोपांचे शेंडे खुडले, तेव्हा बायजी हातातला कोयता न ठेवताच म्हणाली होती, "पुन्हा तोंड लावलं ना हिनं, तर लाहूच्या हवाली करीन. तो रस्सा चांगला करतो."

"लहान हाय ती अजून."

"लहान? दोनदा व्याली."

पण बाबल्यासाठी ती लहानच होती. आई मेली तेव्हा भुरी चार बोटांची होती. त्याने तिला बाटलीने दूध पाजलं, कांबळ्यात घेऊन झोपला. घरात तिची आणि बायजीची ऊठबस सवतींसारखी चाले. एकीला भाकर घातली की दुसरीला लागायची. 'तू आधी शेळीला विचार' हे बायजीचं ठरलेलं वाक्य होतं.

आणि आता बायजी नरपडला होती. तुळशी आणि जावई तिथल्या चिकूच्या वाडीत कामाला. तुळशीचं बाळंतपण होतं. जीपमध्ये बसताना बायजीने बजावलं होतं, "मी येईपर्यंत दोघांना सांभाळ. रोपांना आधी, भुरीला मग."

बाबल्याने पिशव्यांकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग तो कामाला लागला. एकेक खुंट मातीच्या ढेकळासकट बाहेर काढून त्याने घरामागे नेला आणि अंघोळीच्या दगडापलीकडे, केळीच्या बुडाशी, सांडपाण्याच्या चिखलात टाकला. वर केळीची वाळली पानं ओढली. रिकाम्या पिशव्या झटकून पुन्हा ओळीत मांडल्या. ते होईपर्यंत पाठ भरून आली. भुरी शेजारी उभी राहून सगळं बघत होती.

आता त्यांत घालायचं काय, एवढंच राहिलं होतं.

वैशाखात रानात रोप कुठलं? खैराखाली शेंगा पडलेल्या असतात, पण पाऊस पडेपर्यंत बी डोळा उघडत नाही. दोन दिवस बाबल्या ओढ्याकाठाने हिंडला आणि रिकाम्या हाताने परतला. तिसऱ्या दिवशी नाक्यावर पाणी प्यायला थांबला, आणि हापशाच्या ओट्याखाली त्याचं लक्ष गेलं.

हापशाचं पाणी बारमाही सांडायचं. त्या चिखलात मेथी उगवावी तशी दाट रोपं उगवली होती. गुरांच्या खुरांखाली चार बोटांच्या वर काही वाढत नव्हतं, पण जी होती ती हिरवीगार. बाबल्या उकिडवा बसला. एका रोपाचं पान त्याने दोन बोटांत धरलं. मधे दांडी, दांडीला बारीक फांदुल्या, फांदुल्यांना दोन्ही बाजूंनी तांदळाच्या कणीएवढी पानं. पिसासारखं.

"काय हरवलं रे?" मागून लाहूचा आवाज आला. तो कळशी घेऊन आला होता.

"बायको."

"ती नरपडला हाय. चिखलात काय शोधतोस?"

"इकडं ये. हे कशाचं पान, सांग."

लाहूने कळशी ठेवली, वाकून पाहिलं. "खैर. नायतर बाभूळ."

"अकेशिया नाय ना?"

लाहूने वर पाहिलं. हापशाला सावली होती ती अकेशियाचीच. रस्त्याच्या कडेने त्या परदेशी बाभळीची रांग उभी होती. कोणे एके वर्षी कुणीतरी ट्रकमधून आणून लावली. उतरली तेव्हाच कमरेएवढी होती. रुंद, चपटं, कोयत्यासारखं वाकडं पान. काटा नाही. गुरं तोंड लावत नाहीत.

"अकेशियाचं पान असं असतंय का? डोळ्यात ताडी गेली काय तुझ्या?"

"पण वर तर तीच झाडं हायत."

"मग? वडाखाली बसला म्हणून माणूस वडाचा होतो का? दिवसभर शेळ्या इथं पाण्याला येतात. रानात खैराच्या शेंगा खातात, इथं लेंड्या टाकतात. उगवणारच."

हे बाबल्याला पटलं. पटायलाच हवं होतं. त्याने कमरेचा कोयता काढला आणि मुळाला धक्का न लावता एकेक रोप उकरायला सुरुवात केली. लाहू थोडा वेळ बघत राहिला, मग त्यानेही हात लावला.

"पण हे करतोस कशाला?"

बाबल्याने सांगितलं.

लाहू बराच वेळ हसला. डोळे पुसत म्हणाला, "तर मग भुरी कधी देतोस? मसाला वाटून ठेवतो."

"तुझी जीभ झडो."

* * *

बायजी आली त्या दिवशी बाबल्याला जीपचा आवाज लांबूनच ऐकू आला. रोपं नव्या मातीत धरली होती. जी मान टाकून बसली होती ती त्याने काढून टाकली होती, आणि राहिलेल्यांचं पान न पान पिसासारखं तरारलेलं होतं. भुरीला त्याने खांबाला बांधलं, तांब्याभर पाणी घेतलं आणि वाटेपर्यंत सामोरा गेला.

बायजीच्या डोक्यावर चिकूचं बोचकं होतं आणि हातात सुक्या बोंबलाची पिशवी. तिने तांब्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. बोचकं खाली ठेवलं आणि पाणी प्यायली. पिताना तिची नजर तांब्याच्या कडेवरून त्याच्या तोंडावर होती.

"ताप आला होता का तुला?"

"नाय. कशाला येईल?"

"बरा हायस ना?"

"बरा हाय. तुळशी कशी हाय?"

"मुलगी झाली. तुझ्यासारखं नाक हाय, काय करणार." ती चालायला लागली. "रोपं?"

"बघ तूच."

घरात न शिरता ती कुडाकडे गेली. झापा उघडून आत बसली. एका रोपाच्या खोडावरून तिने अंगठा खालून वर फिरवला. तुळशी लहान असताना तिलाही तिने असंच शिकवलं होतं: डोळे मिटून अंगठा फिरव, बाभूळ असेल तर टोचेल, खैर असेल तर धरून ठेवील. बाभळीचा काटा सरळ, पांढरा. खैराचे जोडीने, मागे वळलेले, मांजराच्या नखांसारखे.

"काटा आला नाय अजून," ती म्हणाली.

"कोवळी हायत."

"हो. कोवळी हायत."

"येईल की."

"येईल," बायजी म्हणाली आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. "वाढवलीस बाकी चांगली."

बाबल्याने भुरीकडे पाहिलं. भुरी कडबा खात होती.

बायजी पाय धुवायला घरामागे गेली. दगडावर पाणी ओतल्याचा आवाज आला आणि थांबला. ती मात्र लवकर आत आली नाही. बाबल्याने दारातून हाक मारली.

"काय करतेस?"

"केळीला कोंब फुटलेत," तिने तिकडूनच सांगितलं. "बघते हाय."

दुसऱ्या दिवसापासून ती आंबे वेचायला जाऊ लागली. डोंगरावरचे रायवळ आंबे त्या दिवसांत पडतातच. सकाळी टोपली घेऊन जायची, टोपलीवर फडकं झाकलेलं, कमरेवर पाण्याचा हंडा.

"आंब्याला पाणी कशाला?"

"मला तहान लागते."

परत यायची तेव्हा टोपलीत पाच-सहा आंबे असत आणि हातांवर ओरखडे. इतर बायका टोपल्या भरून आणत होत्या. एरवी बाबल्याने तिला यावरून चिडवलं असतं. पण या दिवसांत तो तिला काही विचारायला गेला की, तिनेही काही विचारलं तर, अशी धास्ती त्याला वाटे. म्हणून तो आंबे चोखायचा आणि गप्प राहायचा.

भुरीला आता मोकळं सोडलेलं असायचं. एका संध्याकाळी झापा उघडा राहिला आणि ती आत शिरली. बाबल्या धावत सुटला. पोचला तर भुरी रोपांच्या ओळीतून सावकाश चालत होती. एका पानाला तिने नाक लावलं, शिंकली, आणि पुढे गेली. दाराशी बायजी तांदूळ निवडत बसली होती.

"शहाणी झाली रे तुझी भुरी," ती म्हणाली. "बघ, तोंडसुद्धा लावत नाय."

"मी शिकवलंय तिला. तू नव्हतीस तेव्हा."

"कसं काय शिकवलंस?"

"ओरडलो. एकदाच ओरडलो."

"माझ्यावर कधी ओरडला नाय असा," बायजी म्हणाली आणि सुपातला खडा काढून बाहेर टाकला.

त्या रात्री बाबल्याला बरं वाटलं, आणि पहाटे वाटेनासं झालं. खैराच्या पाल्याला भुरी जन्मात कधी नाही म्हणाली नव्हती.

आठवड्याभरात रोपांनीच सांगितलं. एका रोपाच्या नव्या पानाची दांडी रुंद झाली होती, चिंचेच्या कोवळ्या शेंगेसारखी, आणि पिसं तिच्या टोकाला नावापुरती लटकत होती. बाबल्याला वाटलं, रोग आहे. त्याने राख फुंकली. पुढच्या पानाला पिसं नव्हतीच. नुसती रुंद, चपटी, कोयत्यासारखी वाकडी दांडी. मग दुसऱ्या रोपाला. मग तिसऱ्या ओळीला.

पाड्यातलं कोणीही दोन पानांवरून साग, ऐन, पळस, खैर ओळखायचं. ती झाडं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लहानाची मोठी झाली होती. अकेशिया पाड्यावर आली ती वाढलेली आली. तिचं लहानपण इथे कुणी पाहिलेलं नव्हतं.

बाबल्या रोज सकाळी बायजी आंब्यांना गेली की कुडात शिरायचा आणि चपटी पानं नखाने खुडून टाकायचा. एकदा मूठभर भुरीपुढे धरली. भुरीने तोंड फिरवलं.

"खा गं. तुझ्यामुळंच हाय हे."

भुरीने त्याच्या सदऱ्याचं टोक चघळायला घेतलं.

"खैरांना सूज आली काय रे?" कुडावरून लाहूने विचारलं.

"तूच बोललास ना, लेंड्यांतनं उगवलेत!"

"उगवले नायत का? बी कशाचं ते मी थोडंच चाखलं होतं?" मग आवाज उतरवून तो म्हणाला, "सांगून टाक तिला."

"सांगितलं तर भुरी जाईल."

"मग नको सांगूस."

"नाय सांगितलं तर थोरल्याच्या खड्ड्यात ही लावली जातील. तिच्या हातानं."

लाहूने डोकं खाजवलं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी बाबल्या ओढ्यावरून आला, तर अंगणात बायजी भुरीसमोर वाकलेली होती. तिच्या हातात सुतळी होती. सुतळीचं एक टोक तिने भुरीच्या छातीशी धरलं होतं आणि दुसरं नाकापर्यंत ताणलं होतं. भुरी सुतळी खायला बघत होती.

"काय करतेस?"

"काय नाय. बघते, केवढी झाली." तिने सुतळीला गाठ मारली आणि कनवटीला खोचली.

बाबल्याच्या हातातली लाकडाची मोळी तशीच राहिली. बाजारात शेळी विकणारे वजनाचा अंदाज घेतात, कुणी हाताने, कुणी दोरीने. त्या रात्री त्याने आपली अर्धी भाकर भुरीला घातली. बायजीने पाहिलं आणि काही बोलली नाही. 'आधी शेळीला विचार' हेसुद्धा नाही.

* * *

भाताची लावणी उरकली. पावसाने उघडीप दिली त्या दिवशी जेवताना बायजी म्हणाली, "उद्या माथ्यावर जाऊ. रोपं घेऊन. पहिलं थोरल्याच्या खड्ड्यात लावू. तुझ्या हातानं."

"माझ्या का?"

"तूच वाढवलीस ना?"

सकाळी बाबल्याने पिशव्या दोन टोपल्यांत भरल्या. खुडून खुडून रोपं बोडकी झाली होती, तरी रात्रीत नवी पानं फुटली होती. आज लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. बायजीने एक टोपली डोक्यावर घेतली. पिशव्यांकडे तिने पाहिलं असेल तर त्याला दिसलं नाही. ती पुढे, तो मागे. खांबाला बांधलेली भुरी वळणापर्यंत ओरडत राहिली.

"बायजी."

"काय?"

"वाट निसरडी हाय."

"हाय."

थोडं पुढे गेल्यावर तो पुन्हा म्हणाला, "बायजी."

"बोल ना."

"यंदा नागली बरी होईल."

"होईल."

माथा एका चढावर आला. तिथे एक मोठा खडक आहे. त्याच्या वळणावरून पूर्वी थोरल्याचा शेंडा दिसायचा. आता नुसतं आभाळ दिसत होतं. बाबल्याने टोपली खडकावर ठेवली.

"ही थोरल्याची नायत."

बायजी थांबली. वळली नाही.

"थोरल्याची खाल्ली. तू नरपडला गेलीस, त्यानंतर. झापा मी उघडा टाकला होता. ताडी प्यायला बसलो. तिची काय चूक नाय, तिला काय कळतंय. झापा माझा." त्याने श्वास घेतला. "ही हापशाजवळची हायत. खैर समजून आणली. अकेशिया निघाली."

खाली कुणीतरी बैलांना हाकत होतं, तो आवाज वर येत होता.

"झालं बोलून?" बायजीने विचारलं.

"झालं."

"मग उचल टोपली. थोडंच राहिलं."

वळण ओलांडल्यावर बाबल्याला आधी काटे दिसले. बोरीच्या आणि खैराच्या तोडलेल्या फांद्यांची गोल कुंपणं. एक थोरल्याच्या खड्ड्यावर, बाकीची उतारावर विखुरलेली, खडकांमधली जिथे जिथे मूठभर माती होती तिथे. खड्डा मातीने भरलेला होता. मधोमध वीतभर रोप उभं होतं. त्याचं खोड बुडाशी थोटं, चावलेलं. त्या थोटावरून बाजूने नवा कोंब वर चढला होता आणि त्यावर पिसांसारखी पानं हलत होती.

तो टेकला. हात घालून अंगठा खालून वर फिरवला. बारीक, जोडीने, मागे वळलेलं काहीतरी कातडीला अडकलं.

"केळीखालची?" त्याने विचारलं.

"खैराचं वर थोडं असतं, खाली जास्त. वरचं खाल्लं म्हणून मरतंय होय? तू चिखलात टाकलीस म्हणून जगली. सगळी नाय. पण बरीच."

"तुला आल्याबरोबर कळलं? केळीजवळ गेलीस तेव्हा?"

"त्याच्या आधी."

"पान बघून?"

"नाय रे. तांब्या घेऊन वाटेवर आलास तेव्हा." बायजीने डोक्यावरची टोपली उतरवली. "इतकी वर्षं झाली, कधी आलास?"

तिने टोपलीतून एक पिशवी काढली, अकेशियाचं चपटं पान बोटांनी सरळ केलं.

"ही खाली बांधाला लाव. सरपण होईल. वाढवलीस एवढी, तर टाकायची कशाला?"

"आणि भुरी?"

बायजीला ऐकू गेलं नसावं. ती पुढच्या कुंपणाकडे गेली होती आणि सरकलेली फांदी जागेवर ठेवत होती.

बाबल्या तिथेच बसून होता. रोपाच्या मानाने कुंपण फार मोठं आहे, असं त्याला वाटलं. एवढे काटे तोडायचे, वाहायचे, ते कशाला? रोपाला लागून वेढा घातला असता तर निम्म्या फांद्यांत काम झालं असतं. उतारावरच्या दुसऱ्या कुंपणाकडे त्याने पाहिलं. तेही तसंच. तिसरंही. सगळी एकाच मापाची.

मग त्याने गुडघ्यावर येऊन कुंपणाच्या बाहेरून हात आत घातला. भुरी खांद्याला मान घासायची तेव्हा तिचं नाक त्याच्या बोटांपर्यंत पोचायचं, हे त्याला डोळे मिटूनही माहीत होतं. त्याने हात लांब केला, अजून लांब केला. बोटं पानाच्या अलीकडे थांबली. पान वाऱ्याने हललं, बोटांना लागलं नाही.

तो हात मागे घेऊ लागला, तेव्हा खैराच्या फांदीने सदऱ्याची बाही धरली. ओढली तशी आणखी धरली.

"हलू नको," बायजी म्हणाली. ती परत आली होती. त्याच्या शेजारी बसून ती एकेक काटा बाहीतून सोडवू लागली. तिच्या कनवटीला भुरीच्या मापाची सुतळी तशीच खोचलेली होती.